खासदाराला काय विचारावं, मतदारयादीत काय पाहावं

संसदेतले प्रश्न, मतदारसंघांच्या हद्दी, नागरिकत्व आणि मतदारनोंदणी यांवर पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेली पत्रं बरीच साठली होती. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत, भाग तेवढा ठेवला आहे.

प्रश्न (धायरी) : आमचा मिळकतकर पुणे महापालिकेला जातो, पाणी आणि बस पुण्याची, पण लोकसभेचं मत बारामतीला. पुण्याचा एखादा विषय दिल्लीत न्यायचा तर आमचा खासदार कोणता?

उत्तर : बारामतीचा. महापालिकेची हद्द राज्य सरकार ठरवतं, लोकसभेची हद्द परिसीमन आयोगाच्या आदेशाने ठरते, आणि या दोन रेषा जुळल्याच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा आहेत, म्हणजे एका खासदाराच्या वाट्याला सहा विधानसभा मतदारसंघ. धायरी खडकवासला मतदारसंघात आहे आणि २००८ च्या आदेशाने खडकवासला हा दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर आणि भोर यांच्या जोडीला गेला. हडपसर आणि भोसरी हे जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी आणि शिरूरबरोबर शिरूर लोकसभेत आहेत. चिंचवड आणि पिंपरी मावळ लोकसभेत असून त्यांचे सोबती घाट उतरून कर्जत, पनवेल आणि उरणपर्यंत पोचतात. ‘पुणे’ या नावाच्या मतदारसंघात फक्त वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ येतात.

म्हणजे एका सलग शहराला चार खासदार आहेत. याचा तोटा सगळ्यांना दिसतो, फायदा मात्र कोणी घेत नाही. मेट्रो, विमानतळ, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, संरक्षण खात्याच्या जमिनी हे केंद्राचे विषय चौघांच्याही भागांना भिडतात. असं पत्र चौघांना स्वतंत्रपणे पाठवा आणि प्रत्येकाला त्याच्या हद्दीतला मुद्दा आधी सांगा. खासदाराने फक्त स्वतःच्या मतदारसंघाबद्दलच विचारावं असा नियम नाही.

कचरा, मिळकतकर, पाण्याची वेळ, गुंठेवारी असले विषय मात्र लोकसभेत जातच नाहीत. ते राज्याचे आहेत. त्यासाठी आमदाराकडून विधानसभेत तारांकित (मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा) प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना हाच मार्ग.

प्रश्न (वाकड) : इथे दर वर्षी नव्या सोसायट्या उभ्या राहतात. आमदार मात्र एकच. आमच्या जागा का वाढत नाहीत?

उत्तर : कारण तुमचा मतदारसंघ दोन जुन्या जनगणनांवर उभा आहे. कोणत्या राज्याला लोकसभेच्या आणि विधानसभेच्या किती जागा, हा आकडा १९७१ च्या जनगणनेवरचा आहे. राज्याच्या आत त्या जागांच्या हद्दी कुठून कुठे, हे २००१ च्या जनगणनेवर ठरलं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली, २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. कारण उघड होतं. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांच्या जागा त्यापायी कमी होऊ नयेत.

२००१ साली वाकड, पुनावळे, रावेत या भागांत आजची वस्ती नव्हती. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत चिंचवडमध्ये ६ लाखांहून अधिक मतदार होते आणि कसबा पेठेत ३ लाखांहून कमी. दोन्हीकडून एकेक आमदार गेला. कसब्यातल्या एका मताचं वजन चिंचवडच्या एका मताच्या दुपटीहून जास्त आहे.

इथे दोन वाद एकमेकांत मिसळले जातात आणि ते वेगळे ठेवायला हवेत. तमिळनाडू आणि केरळची चिंता उत्तर प्रदेशच्या ८० जागांच्या आणखी किती होतील, ही आहे. तो राज्याराज्यांतल्या वाटपाचा वाद. वाकडचं दुखणं महाराष्ट्राच्या आतल्या हद्दींचं आहे, आणि राज्यांचा वाटा जराही न हलवता आतल्या हद्दी बदलता येतात. २००८ मध्ये नेमकं तेच झालं, महाराष्ट्राचे ४८ चे ४८ राहिले आणि आतली मांडणी बदलली. पहिला वाद मिटेपर्यंत दुसरं दुखणंही ताटकळत ठेवणं आम्हाला अन्यायाचं वाटतं.

हद्दी बदलायची वेळ येईल तेव्हा काय करायचं तेही सांगतो. मागच्या परिसीमन आयोगात सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग अध्यक्ष होते, निवडणूक आयोगाचा आणि राज्य निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी सदस्य. राज्यातले काही खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. आधी प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती घेतात, जाहीर सुनावणी होते आणि मग अंतिम आदेश निघतो. तो राजपत्रात आला की अनुच्छेद ३२९ मुळे न्यायालयाचं दार जवळजवळ बंद होतं. म्हणून जे काही सांगायचं ते प्रारूपाच्या टप्प्यावरच. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढीच ओळ असलेली हरकत कागदातच राहते. जनगणनेचे प्रभाग किंवा गावं, प्रत्येकाची लोकसंख्या, ती कुठून काढून कुठे जोडावीत, आणि जोडल्यावर दोन्ही मतदारसंघांची बेरीज किती होते, एवढं मांडलेली हरकत आयोगाला सहज बाजूला सारता येत नाही.

आणखी एक. हद्दी मतदारांच्या संख्येवर ठरत नाहीत, जनगणनेतल्या लोकसंख्येवर ठरतात. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तुमच्या सोसायटीत भाड्याने राहणारं कुटुंब मतदार असो वा नसो, राहतात तिथेच त्यांची मोजणी झाली पाहिजे. ‘गावाकडे मोजतील’ म्हणून दार बंद ठेवणारी घरं पुढची कित्येक वर्षं वाकडचंच माप कमी करतात.

प्रश्न (कोथरूड) : संसदेच्या संकेतस्थळावर पुण्याच्या खासदारांच्या नावापुढे प्रश्न दिसत नाहीत. असं का?

उत्तर : मुरलीधर मोहोळ जून २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाले. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तर देणाऱ्या बाजूला बसतात. त्यामुळे त्या रकान्यावरून त्यांच्या कामाचं माप काढू नका. मंत्र्याला पत्र जरूर द्या, ते संबंधित खात्याकडे पाठवता येतं. पण लेखी, नोंदीत राहणारं उत्तर हवं असेल तर राज्यसभेतल्या महाराष्ट्राच्या १९ सदस्यांपैकी एखाद्याकडे किंवा शेजारच्या मतदारसंघाच्या खासदाराकडे जा.

प्रश्न (खडकी) : कॅन्टोन्मेंट बोर्डाची निवडणूक कित्येक वर्षं झालेली नाही. हा विषय संसदेत प्रश्न म्हणून यावा यासाठी खासदारांना पत्र दिलं, काही झालं नाही. पत्राचा मसुदा सोबत आहे. काय चुकलं?

उत्तर : विषय अगदी योग्य निवडलात. कॅन्टोन्मेंट संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्यामुळे तुमच्या गल्लीतला दिवासुद्धा दिल्लीत विचारता येतो, हे भाग्य धायरीकरांना नाही. चुकला तो मसुदा. तुम्ही लिहिलंत :

‘खडकीच्या नागरिकांवर सरकार अन्याय का करत आहे, निवडणूक न घेण्यात कोणाचा स्वार्थ आहे आणि हे लोकशाहीला शोभते का?’

लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतला ४१ वा नियम प्रश्नाची चाळणी करतो. आरोप, युक्तिवाद, उपरोध, मत विचारणं, जर-तरची गोष्ट, न्यायालयात चालू असलेलं प्रकरण, किंवा जे केंद्र सरकारच्या जबाबदारीतच नाही ते, असं काही आढळलं की प्रश्न बाद होतो. तुमच्या एका वाक्यात आरोप आहे, हेतू चिकटवला आहे आणि मतही विचारलं आहे. सचिवालय असा प्रश्न पुढे पाठवत नाही, आणि खासदाराच्या कार्यालयाला ते माहीत असतं. हेच असं लिहा :

‘संरक्षण मंत्री पुढील माहिती देतील काय : (अ) देशातील किती कॅन्टोन्मेंट बोर्डांवर सध्या निवडून आलेले सदस्य आहेत, त्याचा बोर्डनिहाय तपशील, (आ) पुणे आणि खडकी बोर्डांच्या निवडून आलेल्या सदस्यांची मुदत कोणत्या तारखेला संपली, (इ) ५७ बोर्डांच्या निवडणुकीसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये काढलेली अधिसूचना मार्च २०२३ मध्ये मागे घेण्याची कारणे, आणि (ई) या निवडणुका कधीपर्यंत घेण्याचे ठरले आहे, ठरले नसल्यास त्याची कारणे?’

यात एकही विशेषण नाही, आणि प्रत्येक भागाला तारीख, आकडा किंवा कारण द्यावंच लागतं. चौथ्या भागातलं ‘ठरले नसल्यास त्याची कारणे’ गाळू नका, नाहीतर ‘असा निर्णय झालेला नाही’ एवढ्यावर उत्तर संपतं. प्रश्न १५० शब्दांच्या आत बसवायचा असतो. खासदाराला तो हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो, म्हणून मराठी मसुद्यासोबत हिंदी उतारा जोडलात तर त्यांच्या स्वीय सहायकाचं काम निम्मं होतं.

आता वेळ. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाच्या उत्तराचा आठवड्यातला एक वार ठरलेला असतो. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लोकसभेच्या बुलेटिनमध्ये कोणत्या तारखेच्या प्रश्नासाठी सूचना कधीपर्यंत, याचं वेळापत्रक निघतं. तुमचं पत्र त्या आठवड्यात खासदारांच्या टेबलावर हवं. अधिवेशन सुरू झाल्यावर दिलेलं पत्र बहुतेक वेळा वाया जातं.

मग सोडत. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि साधारण २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतो, त्यावर पूरक प्रश्न येतात, आणि तासाभरात चार-पाच प्रश्नच होतात. उरलेल्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात. टीव्हीवर दिसेल म्हणून सगळे तारांकिताच्या मागे असतात. तुम्हाला तारखा आणि आकडे हवे असतील तर अतारांकित मागा. निवड होण्याची शक्यता जास्त, आणि उत्तराला लांबलचक तक्ता जोडता येतो. सोडतीत नाव आलं नाही तर प्रश्न संपला, तोच पुढच्या आठवड्यात पुन्हा द्यावा लागतो. म्हणून एकाच खासदारावर विसंबू नका, तिघा-चौघांना द्या.

उत्तर आलं की ‘माहिती गोळा केली जात असून ती पटलावर ठेवली जाईल’ हे शब्द शोधा. ही टोलवाटोलवी वाटते, पण संसदेच्या नोंदीत ते ‘आश्वासन’ ठरतं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर सभागृहाची आश्वासन समिती लक्ष ठेवते. मुदत उलटली तर खासदाराला आश्वासनाचा दाखला देऊन पुन्हा पत्र लिहा.

एक गोष्ट खडकी आणि कॅम्पातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. बोर्डाची मतदारयादी वेगळी असते. २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्यानुसार अर्हता दिनांकाच्या (पात्रता ज्या तारखेला मोजतात तिच्या) लगेच आधी सलग सहा महिने हद्दीत राहिलेली, १८ वर्षं पूर्ण झालेली व्यक्तीच त्यात येते. विधानसभेच्या यादीतलं नाव तिथे चालत नाही, आणि तिथलं नाव विधानसभेला.

प्रश्न (औंध) : मुलीने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे. मुलगा दुबईत नोकरीला, पासपोर्ट भारतीय. दोघांचीही नावं अजून आमच्या यादीत आहेत. निवडणुकीत आले तर मत देऊ शकतील?

उत्तर : मुलगी नाही. मुलगा हो, पण त्याची नोंद बदलावी लागेल.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं त्या दिवशी १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ ने भारतीय नागरिकत्व आपोआप गेलं. त्यासाठी वेगळा आदेश लागत नाही. ओसीआय कार्ड हा आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती आहेत. कलम ७ब मध्ये मतदान, संसद-विधिमंडळाचं सदस्यत्व, सरकारी नोकरीतली समान संधी हे सगळं स्पष्ट वगळलं आहे. यादीत नाव शिल्लक आहे म्हणून मत देणं हा गुन्हा ठरू शकतो. तिचं नाव काढण्यासाठी नमुना ७ भरा. तो त्याच मतदारसंघातल्या मतदाराला भरता येतो, म्हणजे तुम्हीच भरू शकता, कारणात ‘भारतीय नागरिक नाही’ लिहा. तिने भारतीय पासपोर्ट वकिलातीत परत करून त्याचा दाखला घेतला आहे का, तेही विचारून घ्या.

मुलाने नमुना ६अ भरायचा, परदेशस्थ मतदार म्हणून. ही सोय १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम २०अ घालून २०११ पासून सुरू झाली. पासपोर्टवर जो भारतातला पत्ता आहे त्याच मतदारसंघात नोंद होते, तुम्ही औंधला राहत असलात तरी. पासपोर्टवर जुना सांगलीचा पत्ता असेल तर मत सांगलीला. सोबत फोटो, पासपोर्टची फोटो, पत्ता आणि चालू व्हिसा असलेली पानं जोडायची. आधीचं मतदार ओळखपत्र परत करायचं, नवं मिळत नाही. मतदान स्वतः येऊन, मूळ पासपोर्ट दाखवून. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत मंजूर होण्याआधी लोकसभेची मुदत संपली आणि ते बाद झालं. परदेशातून ऑनलाइन मत देता येतं असे संदेश फिरतात, त्यांवर विश्वास ठेवू नका.

प्रश्न (सदाशिव पेठ) : आम्ही स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, नांदेड-परभणीकडचे. कॉट बेसिसवर राहतो, मालक करार करत नाही. पुण्यात मत मिळेल का? गावचं नाव गेलं तर चालणार नाही, सरपंचाची निवडणूक असते.

उत्तर : दोन्हीकडे मिळणार नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचं नाव एका मतदारसंघात आणि एकदाच. ग्रामपंचायतीची यादीही विधानसभेच्या यादीतूनच फोडून काढतात, त्यामुळे पुण्यात नाव आलं की गावचं जातं. कुठलं ठेवायचं ते तुम्ही ठरवा. शिकायला बाहेर राहणाऱ्याला घरचा पत्ता किंवा राहण्याचा पत्ता, यांपैकी एक निवडता येतो. आमचं म्हणणं विचाराल तर चार-पाच वर्षं ज्या शहराचं पाणी, बस आणि अभ्यासिका वापरता तिथे मत असणं गैर नाही, पण गावच्या मताची किंमत तुम्हालाच कळते.

पुणे निवडलंत तर सर्वांत मोठी चूक टाळा. नाव कुठेही आधीपासून असेल तर नमुना ६ भरायचा नाही. तो फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्याचा. तुमचा नमुना ८, त्यात ‘स्थलांतर’ हा पर्याय. नमुना ६ मध्ये ‘माझे नाव इतरत्र नाही’ असं प्रतिज्ञापन असतं. ते खोटं निघालं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. व्यवहारात होतं ते असं : दोन ओळखपत्र क्रमांक तयार होतात, दुबार नावांच्या छाननीत एक उडतं, आणि नेमकं तुम्हाला हवं असलेलंच उडतं.

पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार, आधार, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, नाहीतर पाणी-वीज-गॅसचं बिल चालतं. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची, हे मालकाला शांतपणे सांगून पाहा. वसतिगृहात राहणाऱ्यांना संस्थाप्रमुखाचं प्रमाणपत्र पुरतं. यातलं काहीच नसेल तरी अर्ज फेटाळायचं कारण नाही, बीएलओने (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने) घरी येऊन खात्री करायची असते.

आणि अर्ज अडतो तो इथेच. बीएलओ दुपारी येतो, तुम्ही अभ्यासिकेत, दाराला कुलूप, शेजारी म्हणतो ‘माहीत नाही’. शेरा पडतो आणि अर्ज नामंजूर होतो. अर्जात चालू मोबाइल क्रमांक द्या, मालकाला आणि शेजारच्या खोलीला नावं सांगून ठेवा, अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि दर आठवड्याला स्थिती पाहा. आठवडाभरात हालचाल दिसली नाही तर १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन करून बीएलओचा क्रमांक घ्या आणि भेटीची वेळ तुम्हीच ठरवा. अर्ज नामंजूर झालाच तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील, त्यानंतर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं.

१८ व्या वर्षासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. १७ पूर्ण झालेल्यांना आधीच अर्ज देऊन ठेवता येतो. निवडणूक लागल्यावर उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत कोणाचंही नाव वाढत नाही.

प्रश्न (बिबवेवाडी) : २०२० ला मी पुणे पदवीधर मतदारसंघात मत दिलं होतं. नाव आहेच ना?

उत्तर : नाही. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी प्रत्येक निवडणुकीला कोऱ्या कागदापासून तयार होते. मागची निवडणूक १ डिसेंबर २०२० ला झाली आणि आमदाराची मुदत सहा वर्षांची, तेव्हा नोंदणी पुन्हा करावी लागते. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर. त्याच्या आधी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली असावीत आणि तुम्ही पुणे, सातारा, सांगली, सोलापूर किंवा कोल्हापूर जिल्ह्यात राहत असावं. पदवी कुठल्या विद्यापीठाची, याला महत्त्व नाही. अर्ज नमुना १८, सोबत पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. शिक्षकांसाठी नमुना १९, मागच्या सहा वर्षांत मिळून तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवल्याची अट. कार्यकर्त्यांकडे गठ्ठ्याने अर्ज देऊ नका. असे गठ्ठे स्वीकारायचे नाहीत अशी सूचना असते, आणि तुमचा अर्ज त्या गठ्ठ्यासोबतच परत जातो.

मतदानाच्या दिवशी इथे यंत्र नसतं, मतपत्रिका असते. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केच पेननेच आकडे लिहायचे : पहिल्या पसंतीला १, मग २, ३. स्वतःच्या खिशातलं पेन, बरोबरची खूण, सही, किंवा ‘एक’ असा अक्षरी शब्द, यांपैकी काहीही झालं की मत बाद. पहिली पसंती न लिहिता २ आणि ३ लिहिलं तरी बाद. शिकलेल्या मतदारांच्या या निवडणुकीत बाद मतांचा ढीग मोठा असतो, याचं वाईट वाटतं.

थोडक्यात काही

येरवडा : कच्च्या कैद्यालाही मत देता येत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्या कोणालाही रोखतं. प्रतिबंधात्मक स्थानबद्धांना पोस्टाने मत देता येतं. यादीतलं नाव मात्र त्यामुळे जात नाही. जामिनावर बाहेर असलेला मत देऊ शकतो.

कर्वेनगर : मतदार ओळखपत्र किंवा आधार हा नागरिकत्वाचा निर्णायक पुरावा नाही. आधार कायद्याच्या कलम ९ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. भारतात जन्मलेल्यांसाठी जन्मतारीख महत्त्वाची : १ जुलै १९८७ पूर्वी जन्म असेल तर बहुतेकांना जन्मस्थान पुरतं. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पूर्वी जन्म असेल तर आई किंवा वडील नागरिक असायला हवेत. त्यानंतरच्या जन्मासाठी दोघंही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणून मुलाच्या जन्मदाखल्यासोबत आई-वडिलांचे दाखलेही जपून ठेवा.

कॅम्प : पत्नी परदेशी नागरिक असेल तर लग्न झाल्याने मत मिळत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(क) खाली नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने सलग भारतात, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. त्या १२ महिन्यांत माहेरी जाऊन आल्याने अर्ज अडकतात, प्रवास आखताना हे पाहा. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हाती आल्यावरच नमुना ६.

हडपसर : राज्यसभेच्या खासदाराने महाराष्ट्रात राहण्याची अट २००३ मध्ये काढली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. देशात कुठेही मतदार असलं की पुरे. राज्यांच्या सभागृहासाठी हे आम्हाला योग्य वाटत नाही, पण कायदा आज असा आहे.

प्रश्न (सहकारनगर) : केंद्रावर गेलो तर माझ्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलं होतं. ‘आता काही करता येत नाही’ म्हणून परत पाठवलं. हे बरोबर आहे?

उत्तर : नाही. अशा वेळी ‘प्रदत्त मत’ मागायचं. केंद्राध्यक्ष तुमची ओळख विचारून खात्री करतो, १७ब नमुन्यात सही घेतो आणि छापील मतपत्रिका देतो. प्रत्येक केंद्रावर अशा मतपत्रिका आधीपासून ठेवलेल्या असतात, साधारण २०. शिक्का मारून ती त्यालाच द्यायची, तो वेगळ्या पाकिटात बंद करतो. यंत्रावर मत देता येत नाही आणि मोजणीच्या दिवशी हे पाकीट उघडत नाहीत. पण निकालाला न्यायालयात आव्हान मिळालं आणि फरक थोडा असेल तर तीच मतं पुढे येतात. २००८ मध्ये राजस्थानातल्या नाथद्वारा विधानसभेचा निकाल एका मताने लागला आणि प्रदत्त मतांवरून तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

केंद्राध्यक्ष नकार देत असेल तर वाद घालत बसू नका. ‘नियम ४९प खाली प्रदत्त मतपत्रिका द्या’ एवढं म्हणा, तिथे बसलेल्या मतदान प्रतिनिधींना साक्षीला घ्या आणि केंद्राबाहेर येऊन १९५० वर तक्रार नोंदवा. तक्रारीत केंद्र क्रमांक, यादीतला भाग आणि अनुक्रमांक आणि वेळ सांगा. केंद्र, भाग आणि अनुक्रमांक हे तिन्ही आकडे आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा, कारण केंद्रात मोबाइल नेऊ देत नाहीत.